उलटी वकिली

भांडणं मिटवायला काढलेला नियमच एक दिवस आपल्या मुळावर येईल, असं मामांना कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. नियम त्यांचा होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. नव्या माणसाला ऑफिस दाखवताना कॉफीचं मशीन, जिन्याखालची अडगळ आणि हा नियम, या तीन गोष्टी दाखवल्याशिवाय ते त्याला खुर्चीवर बसू देत नसत.

मामा म्हणजे कुणाचे मामा, असं विचाराल तर ऑफिसात एकीचेच. पण ती भाची नोकरीला लागली, पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "मामा" म्हणून हाक मारून बसली आणि तेव्हापासून मॅडमपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांचे ते मामाच झाले. भाचीचीही सुटका झाली नाही. तिला सगळे भाचीबाई म्हणत. घरी ती मामाला अरे-तुरे करायची, ऑफिसच्या दारात पाऊल टाकलं की "तुम्ही" म्हणायची. मामांना त्याचं कौतुक वाटे. पोरीला रीतभात आहे म्हणायचे.

कंपनी लहानशी. मॅडम तिच्या मालकीण. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या काउंटरवर बसलेली बाई समोर बघत टाइप करते ना, नाव काय, वय काय, कुठे दुखतंय, आधी कुठली औषधं चालू आहेत, त्या स्क्रीन ही कंपनी बनवायची. आणि या सगळ्या स्क्रीनच्या खाली एक फ्रेमवर्क होतं. फ्रेमवर्क म्हणजे बांधून ठेवलेली चौकट. बटण दाबलं की काय व्हावं, एका रकान्यात काही बदललं तर दुसऱ्याला ते कसं कळावं, हे दर वेळी नव्यानं लिहीत बसायला लागू नये म्हणून एकदाच नीट करून ठेवलेलं. ही चौकट मामांनी एकट्यानं लिहिली होती. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि कंपनीत माणसं इतकी कमी होती की सगळी मिळून एकाच टेबलावर डबा खायची.

आता तो नियम. फार वर्षांपूर्वी दोन प्रोग्रॅमर डेटा कुठं साठवायचा यावरून भांडले. भांडले म्हणजे किती, तर एक जण डबा घेऊन जिन्यात जाऊन बसायला लागला. शहाणीसुरती माणसं, पण "माझंच खरं" म्हणायला लागली की शेंबड्या पोरांना लाजवतात. तेव्हा मामांनी तोडगा काढला. ज्याला जे हवं असेल, त्यानं त्याच्या विरुद्ध बाजूची वकिली करायची. मनापासून करायची. आणि मतांसाठी हात वर होईपर्यंत स्वतःच्या बाजूनं अवाक्षर काढायचं नाही. न आवडणाऱ्या गोष्टीची वकिली करायची म्हटली की माणूस ती निदान एकदा नीट बघतो तरी, असं मामांचं म्हणणं. आणि खरंच, भांडणं थांबली. एकदा तर एक डिझायनर बाई विरुद्ध बाजू मांडता मांडता स्वतःच पालटल्या आणि त्यांनी स्वतःविरुद्ध हात वर केला. मामा ती गोष्ट अजून सांगतात. सांगत होते, असं म्हणायला हवं.

तर मामांची ती चौकट जड झाली होती. प्रत्येक हॉस्पिटलचा काही ना काही हट्ट असायचा आणि त्यापायी एकेक तुकडा चिकटत चिकटत तिचं बोचकं झालं होतं. हॉस्पिटलं घेणार स्वस्तातले टॅब्लेट, त्यावर स्क्रीन उघडायला वेळ लागायचा. "बटण दाबावं आणि तोंड धुऊन यावं," असं खुसपट म्हणायचा. खुसपट म्हणजे टेस्टर. लोकांच्या कोडमध्ये खुसपटं काढण्याचाच त्याला पगार होता, म्हणून हे नाव. नव्यानं लागलेल्या मुलांना ती चौकट उमगायला महिनेच्या महिने जायचे, आणि उमगली की ती नोकरी सोडून जायची.

भाचीबाईंनी एक नवं फ्रेमवर्क शोधून आणलं. फुकट, सुटसुटीत, अगदी हलकं. आठवड्याच्या बैठकीत तिनं शांतपणे सांगितलं, की जुनं काढून हे घ्यावं. मामांना ते झोंबलं. पण खोटं कशाला बोला, राग नाही आला. पोरगी चारचौघांत मामासमोर मामाविरुद्ध बोलते, घाबरत नाही, म्हणून उलट ऊर भरून आला. ताईला सांगायला हवं, असंही मनात येऊन गेलं. ताई म्हणजे भाचीची आई, मामांची थोरली बहीण. वडील गेले तेव्हा मामा शाळेत होते. ताईनं शिकवण्या घेतल्या, स्वतःचं लग्न लांबवलं आणि भावाला शिकवलं. भाचीला कंपनीत घेतलं त्या दिवशी ताई एवढंच म्हणाली होती, "तुझ्यासारखं कर तिला."

"मग होऊन जाऊ दे उलटी वकिली," मॅडम म्हणाल्या. "मामा, तुम्ही नव्याचे वकील. भाचीबाई, तुम्ही जुन्याच्या."

खुसपट त्याच दुपारी मामांच्या टेबलाशी येऊन खुर्ची उलटी करून बसला. "मामा, एक ऐका. जरा हातचं राखून बोला. कोण बघायला बसलंय?"

"मी बसलोय," मामा म्हणाले.

"अहो, आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि तोही मोजूनमापून?"

"ऊठ, काम कर तुझं."

खुसपट गेला, पण मामांनी नवं फ्रेमवर्क उघडलं ते काही साधुसंताच्या भावनेनं नव्हे. घाण सापडावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. फुकट आहे ना, असणारच कुठेतरी गचाळपणा. त्यांनी वाचायला घेतलं. आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. काय सांगावं! ज्या कामाला मामांनी ढीगभर कोड लिहिला होता, ते तिथं मोजक्या ओळींत उरकलं होतं, आणि तेही इतक्या साध्या रीतीनं, की पहिल्या वाचनात काही विशेष आहे असं वाटतच नव्हतं. स्क्रीनवर जेवढं बदललं तेवढंच पुन्हा रंगवायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. हे मला का सुचलं नाही? तरुण असताना का सुचलं नाही? मामांना इतका हेवा वाटला की त्यांनी लॅपटॉप मिटला आणि ते खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या बघत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट करून बघितली. नव्यात एक नोंदणीचा फॉर्म बनवला, अर्धा भरला आणि नेटवर्कची वायर उपटली. परत लावली. फॉर्म कोरा. नाव नाही, वय नाही, औषधं नाहीत. मामांचा जीव भांड्यात पडला.

कारण जुन्यात खिसा होता. हे नाव मामांचंच. सुरुवातीच्या काळात एकदा ते एका हॉस्पिटलच्या काउंटरमागे दिवसभर बसले होते. नेटवर्क गेलं आणि टाइप करणाऱ्या बाईचा भरत आलेला फॉर्म पुसला गेला. समोर एक माणूस, त्याच्या खांद्यावर मान टाकून त्याची आई. "आत्ताच सांगितलं ना सगळं! परत काय विचारता?" तो ओरडला. बाईनं परत विचारलं, घाईत एक औषध सांगायचं राहिलं, आणि ते राहिलेलं औषध त्या म्हातारीला चांगलंच भोवलं. वाचली, पण कशीबशी. मामा परत आले ते खिसा करायलाच बसले. काउंटरवर बोट पडेल ते अक्षर आधी टॅब्लेटच्याच पोटात जपून ठेवायचं, मग सर्व्हरकडे पाठवायचं. वायर तुटो, वीज जावो, फॉर्म जसाच्या तसा. तेव्हापासून एकही फॉर्म हरवला नाही. आणि हरवला नाही म्हणून कुणी तक्रार केली नाही, तक्रार नाही म्हणून खुसपटानं कधी तपासलं नाही, आणि मॅडमसुद्धा ते विसरून गेल्या. न बिघडणाऱ्या गोष्टीची आठवण कोण ठेवतो?

पण भाची विसरणं शक्यच नव्हतं. तिच्या पहिल्याच वर्षी मामांनी तिला त्याच काउंटरवर नेलं होतं, म्हातारीची गोष्ट सांगितली होती, तिच्याच हातानं वायर उपटायला लावली होती. फॉर्म जागच्या जागी उभा बघून ती टाळी वाजवून ओरडली होती, "मामा, काय भारी केलंयस रे हे!" हॉस्पिटलची माणसं आजूबाजूला असूनसुद्धा "तुम्ही" म्हणायचं विसरली होती.

मग काय, मामांचं मन मोकळं झालं. ती खिसा सांगणार, खिसा ऐकला की मॅडम नव्याचं नाव काढणार नाहीत. आपण आपली वकिली बिनधास्त करावी, अगदी जीव ओतून. हरायची भीती नसली की माणसाला दिलदार व्हायला काय जातंय? नियमाप्रमाणे एका वकिलानं दुसऱ्याला मदत करायची नसते, म्हणून भाचीशी ते या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी दोघं बसथांब्यापर्यंत बरोबर चालत, तेव्हा तिनंच एकदा विचारलं, "तयारी झाली?"

"झाली."

"पूर्ण?"

"मी कधी अर्धवट करतो का गं?"

"नाही करत," ती हसून म्हणाली. "म्हणून तर विचारलं."

बैठकीची खोली तीच नेहमीची. फळ्यावर कुणीतरी चुकून न पुसणाऱ्या शाईनं काढलेला बाण, पंख्याचा आवाज, टेबलाच्या टोकाला मॅडम. आधी मामा उभे राहिले. काय बोलले म्हणता! पाणीसुद्धा न पिता बोलले. हॉस्पिटलातला असतो तसलाच स्वस्तातला टॅब्लेट त्यांनी आणला होता. त्यावर जुनी स्क्रीन उघडून दाखवली, सगळे मुकाट्यानं वाट बघत बसले. मग नवी. बोट उचलायच्या आत स्क्रीन हजर. "अरे!" कुणीतरी म्हणालं. मामांनी नव्या मुलांना विचारलं, हा कोड वाचा, काय कळतंय सांगा. त्यांनी सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. जुन्या चौकटीतल्या स्वतःच्या चुका मामांनी एकेक करून दाखवल्या, हसत हसत. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. खुसपट तेवढा टेबलाकडे बघत बसला होता.

मग भाची उठली.

"ही चौकट नसती तर आज आपण इथं नसतो," तिनं सुरुवात केली. आवाज गोड, मान खाली. "मामांनी एकट्यानं, काही साधनं नसताना, हे उभं केलं. किती मेहनत, किती वर्षं. आपण सगळ्यांनी त्याबद्दल कायम ऋणी राहायला हवं." असंच बोलत राहिली. एकही वाक्य वाईट नव्हतं. पण गेलेल्या माणसाबद्दल बोलतात ना, तसं ते सगळं बोलणं होतं. कामाचं काहीच नाही, नुसती हळहळ. मामा वाट बघत होते. आता सांगेल. शेवटासाठी राखून ठेवलं असेल, हुशार आहे. आता सांगेल. आणि ती "धन्यवाद" म्हणून बसायला लागली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "एवढंच? भाचीबाई, मला एक नीट सांगा. जुन्यात आहे आणि नव्यात नाही, असं काही आहे का?"

भाचीनं मामांकडे बघितलं. एकदाच, सरळ डोळ्यांत. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "नाही, मॅडम. विशेष असं काही नाही."

मामांच्या कानशिलात कुणी वाजवली असती तरी बरं, असं झालं. ते खुर्चीतून अर्धवट उठले. "मॅडम, एक मिनिट, तो—"

"अहो मामा!" मॅडम हसत सुटल्या. "हात वर होईपर्यंत नाही! नियम कुणाचा?"

सगळी खोली हसली. "नियम मामांचा!" कुणीतरी मागून ओरडलं. आणि मामा, ज्यांनी तो नियम मोडणाऱ्या भल्याभल्यांना गप्प बसवलं होतं, ते उभे राहावं की बसावं हे न कळून तसेच वाकून राहिले. मग बसले. हात वर झाले. नव्याच्या बाजूनं सगळेच. खुसपटानंसुद्धा हात वर केला, मामांकडे न बघता.

हात खाली आल्यावर मामा बोलले. खिसा सांगितला, वायर सांगितली, ती म्हातारीही सांगितली. पण आता ते ऐकणाऱ्यांना कसं वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. आत्ताच टाळ्या घेऊन बसलेला माणूस हरल्यावर रडगाणं गातोय, दुसरं काय.

"अरे वा, हे माहीतच नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "मग नव्यात घाला की ते. अवघड आहे का?"

"मी करते, मॅडम," भाची लगेच म्हणाली. "मामांचा कोड आहेच समोर. तो बघून करते."

"छान. मग नव्याचं सगळं काम तुम्हीच बघा, पुढाकार तुमचा. मामा आहेतच तुमच्या मदतीला. एवढं चांगलं मांडलंय त्यांनी, त्यांच्याइतकं नवं कळलंय कुणाला?" आणि मॅडमनी लॅपटॉप मिटला.

कॉफीच्या मशीनपाशी मामांनी भाचीला गाठलं. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"आठवत नव्हतं का तुला?"

ती खोटं बोलली असती तर मामांनी ते गिळलं असतं. विसरले म्हणाली असती, घाबरले म्हणाली असती, तर पाठीवर हात ठेवून घरी गेले असते. पण ती म्हणाली, "आठवत होतं."

"मग?"

"ते सांगितलं असतं तर सगळे हात जुन्याकडे गेले असते. आणि आपण आणखी काही वर्षं तेच बोचकं ओढत बसलो असतो. मामा, खरं सांगा, नवं चांगलं आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर."

"झालं काय? मॅडमनी तोंडावर विचारलं तुला! खिसा नाही हे कुणाला कळलंच नसतं तर? काउंटरवर लागलं असतं ते, तसंच, खिशाशिवाय!"

"नसतं लागलं. मी घालणारच होते. तुम्ही इतके जीव तोडून बोललात की मला वाटलं, तुम्हालाही नवंच हवंय."

"मी जीव तोडून बोललो, कारण तू पण बोलशील असं धरून चाललो होतो!"

"आणि मी," ती कप भरता भरता म्हणाली, "तुम्ही हातचं राखणार नाही, हे धरून चालले होते."

"म्हणजे माझ्या सचोटीवर पैज लावलीस तू?"

"पैज कसली? खात्री होती." आणि तिनं तो भरलेला कप मामांच्या हातात दिला. साखर त्यांना लागते तितकीच घातली होती. "राग धरू नका. खिशाचं उद्या सकाळी बसून समजावून सांगाल ना? तुमच्या त्या जुन्या कोडमधलं काही काही मला एकटीला उमगत नाही."

मामांनी कप तसाच मशीनवर ठेवला आणि ते निघाले. बसथांब्यापर्यंत एकटेच गेले. वाटेत मनाशी भांडत होते. हरलो याचं काही नाही, हरायला मी तयार होतो. वाद घालून हरवलं असतं तर मीच पेढे वाटत घरोघर सांगितलं असतं. पण वादात हरवलं कुठं? मलाच माझ्याविरुद्ध उभं केलं आणि आपण नुसती गप्प बसली. आणि हे शिकली कुठं? माझ्याच शेजारच्या खुर्चीत.

घरी येऊन बूट काढतात न काढतात तोच ताईचा फोन आला. आवाजातच आनंद मावत नव्हता.

"अरे, कळलं मला सगळं! आत्ताच आली पोरगी. म्हणाली, मामानंच माझी बाजू मांडली, सगळ्यांसमोर, स्वतःचं काम बाजूला ठेवून. कोण करतं रे असं? ऐकून डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"हं," मामा म्हणाले.

"मी तिला म्हटलंसुद्धा, असा मामा मिळायला नशीब लागतं. तिला घेतलं तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं, आठवतंय? आणि तू करून दाखवलंस बघ. मोठ्या हुद्द्यावर जाऊन बसली पोर. अगदी तुझ्यावर गेलीय."

ज्या बहिणीनं स्वतःच्या आयुष्याची वर्षं भावाच्या शिक्षणात घातली, तिला काय सांगणार? तुझी मुलगी खोटं बोलली म्हणून? तेही कशावरून, एका फॉर्मवरून? मामांना विषय बदलायचा होता, पण शब्द काही गिळले गेले नाहीत.

"माझ्यावर गेली असती ना ताई, तर आज हरली असती."

ताईला तो विनोद वाटला. ती पोट धरून हसली. "तुझं आपलं काहीतरीच! थांब, इथंच आहे ती, देते तिच्याकडे. तिला तुझ्याशी बोलायचंय."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला, मग "मामा?" अशी हाक आली. मामांनी फोन कट केला. ताईचा फोन त्यांनी जन्मात कधी मधेच कापला नव्हता.